सोनाळ्याचं ‘सांग सखे’

सोनाळ्याला जाऊन आल्यापासून पुण्यात मला दोनच प्रश्न विचारतात. हे सोनाळा आहे कुठे, आणि तिथे जायचं कारण काय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. शेगावला आगगाडीतून उतरायचं, उत्तरेकडे तोंड करायचं, पूर्णा ओलांडायची आणि समोर सातपुडा आडवा येईपर्यंत जात राहायचं. तो आडवा आला की सोनाळा. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. ते सांगायला मी घरी तीन वेळा बसलो आणि तिन्ही वेळा आमच्या हिनं मध्येच तोडून शेवट आधी सांगून टाकला. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून आता लिहितो.

कारण माझी धाकटी बहीण कुसुम. सहा वर्षांपूर्वी तिला सोनाळ्याला दिली. यजमान बापूराव, संत्र्याची बाग, थोडी कपाशी, स्वभावानं मोकळे. कुसुम गावच्या शाळेत शिकवते. तिनं शाळेतली सोळा पोरं जमवून गाण्याचा एक जथा तयार केला होता, आणि ही पोरं काय गात, तर सिनेमातली गाणी. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, जिकडे तिकडे शाळांतून स्फूर्तिगीतं चालली होती, आणि इथे हिची पोरं लग्नाच्या मांडवातली गाणी म्हणत होती. दोन-तीन पालक हेडमास्तरांकडे गेले. पोरी शाळेत सिनेमा शिकतात, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तर माणूस चांगला, पण पालकांना दुखवायचं नाही आणि बाईंनाही दुखवायचं नाही, म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. मेहकरला जिल्ह्यातल्या शाळांची समूहगायनाची स्पर्धा होती. ‘सर्वपरिचित गीत’ म्हणायचं होतं. तिथे पहिला नंबर आणा, तास चालू ठेवतो. नाही आला तर गाण्याचा तास बंद.

कुसुमनं पत्रात लिहिलं होतं, ‘शाळेच्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. दादा, तू तुझी पेटी घेऊन ये. हा तास गेला तर मी इथे नुसती हजेरी घेणारी बाई होऊन बसेन.’

आता माझ्या पेटीबद्दल. आमच्या गल्लीतल्या गणपतीत आरतीला पेटी धरण्याचा मान अकरा वर्षं माझ्याकडे आहे. तो कोणी काढून घेत नाही, याचं कारण पेटी माझी आहे. पण कुसुमच्या डोळ्यांत मी लहानपणापासून गवई. हा तिचा गैरसमज मी कधी दूर केला नाही. रजा टाकली आणि निघालो.

शेगाव ते सोनाळा

शेगावला एस.टी.त बसलो तर पेटी ठेवायला टपावर जागा नाही, संत्र्यांच्या टोपल्या रचलेल्या. म्हणून शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. कंडक्टर आला, त्यानं माझं तिकीट फाडलं आणि पेटीकडे पाहत उभा राहिला.

“हिचं?”

मी म्हटलं, ही पेटी आहे.

“पेटी हाय हे दिसून राह्यलं मले. बसून चाल्ली ना पन ते? मंग टिकीट लागते.”

सगळी गाडी हसली. पुण्यात अशा वेळी लोक खिडकीबाहेर बघतात. इथे मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि त्या बदल्यात माझी जात, पगार, मुलं किती आणि थोरलीचं जमलं का, एवढं सगळं पूर्णा येईपर्यंत काढून घेतलं. माघाचे दिवस होते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या आणि दाण्यानं वाकलेली ज्वारी. म्हाताऱ्यानं उतरताना पेटी परत केली आणि म्हणाला, थोरलीचं जमलं की कळवा. पत्ता दिला नाही. बहुधा गाडीत विचारलं की पोहोचतंच.

सोनाळ्याच्या फाट्यावर बापूराव बैलगाडी घेऊन उभे. घरी गेल्यावर पहिल्यांदा पाणी, मग पितळी गिलासभर चहा. आमच्याकडे अर्ध्या कपात पाहुण्याचा मान राखतात. तिथे तो गिलास मी संपवेपर्यंत दुसरा आला. जेवायला भाकरी, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा मी पुणेरी अंदाजानं घेतला, म्हणजे चटणीएवढा. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून धारा लागल्या.

“काऊन दादा,” बापूराव गंभीरपणे म्हणाले, “बहिणीची लय याद आली होती वाटते.”

शाळेत

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो. शेणानं सारवलेल्या खोलीत सोळा पोरं दोन ओळींत उभी. बाईंचा भाऊ, म्हणून मी सगळ्यांचा मामा. पुढच्या ओळीच्या टोकाला ढोलकी घेऊन बसली होती शकिला, बांगडीवाल्या रहीमचाचांची मुलगी, असेल बारा-तेरा वर्षांची. तोंड भारी गंभीर. मला पेटी उघडताना तिनं असं बघितलं, जसं घरात नवा बैल आणल्यावर जुना गडी बघतो.

गाणं होतं तीन-चार वर्षं सगळीकडे गाजत असलेलं, डोंगराआड दिवा लागला, सांग सखे, कोणी लावला. रेडिओवर मी ते शंभरदा ऐकलेलं. सूर दिला आणि पोरं सुरू झाली.

काय सांगू. सोळाच्या सोळा गळे मोकळे. शिकवणीत घासून गुळगुळीत केलेले आवाज नव्हेत. शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारून तयार झालेले. पहिल्या ओळीलाच माझ्या अंगावर काटा आला. मी डोळे मिटले आणि दुसऱ्या ओळीला मान डोलवायच्या तयारीत राहिलो.

“सांग सखे, सांग सखे, सांग सखे, सांग सखे,” पोरं म्हणाली. मग शकिलानं ढोलकीच्या लाकडी कडेवर ‘टक्’ असं वाजवलं, सोळाही माना एकदम उजवीकडे कलल्या, आणि गाणं पुढे गेलं, “कोणी लावला.”

माझी पेटी तोवर तीन पावलं पुढे निघून गेली होती. मी हात उचलला. पोरंही थांबली आणि माझ्याकडे दयेनं बघू लागली.

“मामा, तुमी चुकले,” शकिला म्हणाली.

मी समजावलं, बाळ, ‘सांग सखे’ एकदाच आहे. ती म्हणाली, चारदा. मी म्हटलं, मी रेडिओवर ऐकलंय. ती म्हणाली, तिनं सहा लग्नांत ऐकलंय. मी कुसुमकडे पाहिलं. कुसुम म्हणाली, “चारदाच आहे की रे, दादा.”

तेव्हा मात्र मी चक्रावलो. गावात त्या दिवशी एक लग्न होतं आणि मांडवावर लाउडस्पीकरचा भोंगा गरजत होता. दुपारी तिथेच पंगतीला जेवायला गेलो आणि जेवायच्या आधी भोंग्याच्या मालकाला गाठलं. बब्बूभाई नावाचा हसतमुख माणूस, बॅटरी, मशीन आणि रेकॉर्डची पेटी घेऊन जिल्हाभर लग्नं, उरूस, जत्रा करणारा. मी ते गाणं लावायला सांगितलं. रेकॉर्ड फिरू लागली. ‘डोंगराआड दिवा लागला’ झालं आणि सुई अडकली. सांग सखे, सांग सखे, सांग सखे, सांग सखे. बब्बूभाई माझ्याशी बोलता बोलता, रेकॉर्डकडे न बघता, बोटानं सुईच्या नळीला हलकी टिचकी मारून मोकळे झाले. टक्. कोणी लावला.

रेकॉर्डवर नखभर लांब चरा होता. बब्बूभाईंनी सांगितलं, पहिल्याच महिन्यात एका वरातीत कुणाचा तरी पाय लागला. तीन वर्षं झाली.

मी विचारलं, कुणी तक्रार नाही करत?

“तक्रार काय की करतील साहेब. मानसं खूश हायेत. दुसरी रिकार्ड लावली तं म्हनतात, बब्बूभाई, तेच लावा.”

चार वेळा का, तर टिचकी मारायला हात जायला तेवढा वेळ लागतो. एकदा सवय झाली की हात घड्याळासारखा. तीन वर्षांत एकदाही पाच झाले नाहीत, हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. आणि मला वाटला माझा. मी रोग शोधून काढला होता. वाढपी दुसऱ्यांदा बुंदी घेऊन आला तेव्हा मी त्यालाही चऱ्याबद्दल सांगितलं.

पुढचे तीन दिवस मी ते गाणं दुरुस्त केलं. ‘सांग सखे’ एकदा, टक् रद्द, माना सरळ. पोरं आज्ञाधारक, चुकत-माकत शिकली. शकिला मात्र एकदा थांबून म्हणाली की मधे जागा ठेवली नाही तर पोरं श्वास कुठी घेतील? मी म्हटलं, रेडिओवरच्या बाई घेतात तिथे घ्या. तिनं ढोलकी पुन्हा मांडीवर घेतली. ठेका बिनचूक धरायची, पण नजर खिडकीबाहेर. तिसऱ्या दिवशी गाणं रेडिओसारखं झालं. हेडमास्तर दारात येऊन ‘छान, छान’ म्हणून गेले.

रात्रीचं जेवण झाल्यावर कुसुम एवढंच म्हणाली, “बरोबर झालंय, दादा. पण आता त्यांना ते म्हणून दाखवायला सांगावं लागतं. आधी थांब म्हणावं लागायचं.”

मी तिला शास्त्रशुद्धतेवर थोडं सांगितलं. बापूराव जांभई देऊन उठले.

घाट चढून

मेहकर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. सोनाळ्याहून खामगावपर्यंत कापसाच्या ट्रकची सोय बापूरावांनी केली. पुढे हेडमास्तर आणि कुसुम ड्रायव्हरशेजारी, मागे कापसाच्या गाठोड्यांवर सोळा पोरं, शकिलाची ढोलकी, माझी पेटी आणि मी. मुंबईला मी एकदा एका मोठ्या हॉटेलातल्या गादीवर बसून पाहिलं आहे. या कापसाची सर त्याला नाही. पोरं वाटभर गात होती. चार ‘सांग सखे’, टक्, आणि रस्त्यातल्या खड्ड्याबरोबर सोळा माना. मी ‘बाळांनो, एकदाच’ म्हणून आठवण केली की दोन ओळी एकदा म्हणायची आणि तिसरीला पुन्हा चारदा. एका वळणावर माझी टोपी उडाली. ती एका बाभळीला अडकलेली दिसली आणि मागे पडली. पोरांना त्या दिवसातला सगळ्यांत मोठा आनंद तोच झाला असावा.

खामगावला एस.टी. धरली. तिथून पुढे रस्ता घाट चढतो. सातपुड्याच्या पायथ्याची असली तरी गाडीत बसून एवढा चढ पोरं कधी चढली नव्हती. वर गेल्यावर हवा बदलली, दगड दिसू लागले, बोलीही थोडी बदलली. एका थांब्यावर चहावाल्यानं पोरांना ‘कुठून आले?’ विचारलं तर शकिलानं ‘सातपुड्यातून’ सांगितलं, जणू सगळा सातपुडा तिच्या घरचा.

रात्री मेहकरला एका शाळेच्या खोल्यांत उतरलो. तिथल्या बायांनी रोडगे केले होते, कणकेचे जाड गोळे गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेले, वर तुपाची धार. मी चार खाल्ले. पोरांनी मोजले.

मेहकर

सकाळी पोरांना गावातलं जुनं देऊळ दाखवलं. पोरांनी देवाला काय मागितलं ते कळलं नाही. मी बिनचूकपणा मागितला.

स्पर्धा शाळेच्या मैदानावर, मांडवात. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे मांडवात शाळांपेक्षा बाजाराला आलेली माणसंच जास्त. फेटेवाले, टोपल्या घेतलेल्या बाया, तागाची थैली मांडीवर ठेवून भुईमुगाच्या शेंगा सोलणारी म्हातारी माणसं. परीक्षक तिघे, त्यांत मुख्य एक वयस्कर गायनशिक्षक, कपाळावर चष्मा चढवून बसलेले. आमच्या आधी पाच शाळा झाल्या. पाचही शाळांची गाणी शिस्तीत झाली. मांडवात शेंगांचा आवाज चालू राहिला.

आमचा नंबर आला. सोळा पोरं उभी राहिली. समोर पहिल्या रांगेत हेडमास्तर, मांडीवर हात घट्ट. कुसुम विंगेत. तिच्या पदराचं टोक तिच्या मुठीत होतं, आणि मला एकदम आठवलं की हा तास गेला तर तिचं काय जाणार आहे.

सूर दिला. ‘डोंगराआड दिवा लागला.’ शेंगांचा आवाज थांबला. माणसांनी माना वर केल्या. गाणं ओळखीचं निघालं होतं.

पोरांनी म्हटलं, ‘सांग सखे,’ आणि शिकवल्याप्रमाणे पुढे गेली, ‘कोणी लावला.’

पण मांडव पुढे गेला नाही. मांडवातली तीन-चारशे माणसं, खालच्या आवाजात, सवयीनं म्हणत होती, सांग सखे, सांग सखे, सांग सखे. आणि मग कुणी मांडीवर, कुणी टोपलीच्या काठावर, टक्. मेहकरलाही लग्नं होतात, आणि बब्बूभाई मेहकरलाही येतात. सारा जिल्हा ते गाणं त्याच चऱ्यासकट शिकला होता, आणि सगळ्या जिल्ह्यात ते चुकीचं ऐकलेला माणूस एकटा मी.

पोरं पुढे, मांडव मागे. अर्धी पोरं मांडवाबरोबर गेली, अर्धी माझ्याबरोबर राहिली, माझी पेटी कुणाबरोबरच राहिली नाही. तिसऱ्या ओळीला सगळं विस्कटलं. एक-दोन माणसं हसली, वाईट अर्थानं नाही, पण हसली. पोरं थांबली. पुढच्या ओळीतली एक लहानगी रडायला लागली. हेडमास्तरांनी खाली पाहिलं.

माझ्या आयुष्यात मी पेटीवर बसून उभा राहिलो असा तो एकच प्रसंग. म्हणजे उठून वळताना तोल जाऊन आधी पेटीवर बसलो, तिनं एक लांब सूर काढला, मग उभा राहिलो. मांडव पुन्हा हसला. मी परीक्षकांना नमस्कार केला.

“गुरुजी, चूक पोरांची नाही. मी पुण्याहून आलो आणि यांचं गाणं मोडलं. यांना यांच्यासारखं एकदा म्हणू द्या.”

तिघांनी डोकी एकत्र केली. एकजण मान हलवत होता, नकाराची. मुख्य गुरुजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे बरंच पाहिलं.

“एकदाच म्हणायचं, असं नियमात लिहिलेलं नाही. पण पेटी तुम्ही वाजवणार आहात का?”

मी शकिलाकडे पाहिलं. ती ढोलकीच्या दोऱ्या ताणत होती.

“वाजवू द्या त्याहिले,” ती म्हणाली. मग मला, खालच्या आवाजात, “मामा, माह्या हाताकडे पाहा फक्त. चार झाले की टक्. टक् झाल्यावर या.”

आणि सुरू झालं. ‘डोंगराआड दिवा लागला.’ मी शकिलाच्या हातावर डोळे लावले. सांग सखे, पोरांनी म्हटलं. सांग सखे, पुढच्या रांगेतल्या बायांनी म्हटलं. तिसऱ्याला मांडवाच्या बाहेर उभे असलेले बैलगाडीवाले आत आले. चौथ्याला सगळं मैदान. टक्. सोळा माना उजवीकडे, आणि मांडवातल्या तीन-चारशे माना उजवीकडे, आणि खोटं कशाला बोलू, माझीही. मग ‘कोणी लावला’ एवढं मोठ्यानं उठलं की बाजारातले कावळे उडाले. आणि तेव्हा मला कळलं की ती पोरगी काय सांगू पाहत होती. चार ‘सांग सखे’, टक् धरून, म्हणजे बरोबर आठ मात्रा. सुई अडकून जिथे ताल फाटला होता, तिथे तिनं तो मोजून शिवला होता. पोरांना श्वास घ्यायला जागा त्या टक्मध्येच होती. रेडिओवर ती जागाच नाही.

दुसऱ्या कडव्याला पोरं हसत होती. मघाची रडकी लहानगी सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती. आणि हेडमास्तर, तोंड न उघडता ओठ हलवत होते. टक्ला त्यांचंही बोट मांडीवर पडलं, ते मी पाहिलं आणि त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं.

गाणं संपल्यावर मांडवानं ते तिसऱ्यांदा मागितलं. दिलं नाही. दिलं असतं तर संध्याकाळच झाली असती.

निकाल सांगायला मुख्य गुरुजी उठले. पहिला नंबर सोनाळा. पोरांनी शिस्तीत आधी टाळ्या वाजवल्या आणि मग त्यांना कळलं की त्या आपल्याच. शकिला ढोलकी गळ्यात अडकवूनच ढाल घ्यायला गेली. मुख्य गुरुजींनी तिला विचारलं की हे आठ मात्रांचं कुणी बसवलं. तिनं सांगितलं, बब्बूभाईनं अन् म्या. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “रेडिओवर हे गाणं लागलं की मला नेहमी वाटायचं, इथं काहीतरी गळलंय.”

कुसुम विंगेतून आली. माझ्या सदऱ्यावर कापूस चिकटलेला होता, तो एकेक करून काढत राहिली.

सोमवार

मी दोन दिवस जास्त राहिलो. रजा संपली होती, पण सोमवारचा तास पाहिल्याशिवाय जाणं शक्य नव्हतं. हेडमास्तरांनी वेळापत्रकावर आठवड्यातून एक होता त्या तासाचे दोन केले होते आणि जाता जाता कुसुमला सांगितलं होतं की त्यांची पहिलीतली नातही घ्यावी, वय कमी असलं तरी.

खोलीत सोळाऐवजी एकतीस पोरं होती. सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. दारात एक माणूस धोतर सावरत उभा. कुसुमनं हळूच सांगितलं, तक्रार घेऊन आलेल्या पालकांतले हेच पहिले. त्यांनी बोटाला धरून सात-आठ वर्षांची मुलगी आणली होती.

“हिले घ्या बाई,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “आवाज बरा हाय म्हनतात. घरी तं दिवसभर सोडतच नाई ते गानं.”

कुसुमनं मुलीला पुढे घेतलं आणि म्हणून दाखव म्हटलं. मी पेटी उघडली, तिला सूर द्यायला. ती माझ्यासाठी थांबली नाही. तिनं डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि कुठल्या तरी तिच्याच पट्टीत, भलत्याच उंच, सुरू केलं. शकिलानं ढोलकी उचलली. मी पट्ट्या चाचपत त्या दोघींच्या मागे गेलो.